फाइलसिस्टम-चाचणीच्या स्क्रिप्टमधील तीन ओळींची दुरुस्ती कशी तपासावी?

प्रश्न : सर, मी गोव्यात वेर्ण्यातील एका कंपनीच्या स्टोरेज विभागात काम करते. लिनक्सच्या फाइलसिस्टम (डिस्कवर फाइली मांडून ठेवणाऱ्या व्यवस्था) तपासण्यासाठी आम्ही एफएसटेस्ट्स हा चाचणीसंच वापरतो आणि त्यातील स्क्रिप्टांमध्ये केलेल्या छोट्या दुरुस्त्या, म्हणजे एखादा फिल्टर, एखादा आकडा, एखादी जास्तीची अट, माझ्याकडे तपासणीसाठी येतात. पॅच, म्हणजे ती दुरुस्ती, लावल्यावर चाचणी पास होते एवढे पाहून मी होकार देते. परवा एका वरिष्ठांनी ‘तू नक्की काय तपासलंस?’ असे विचारले आणि मला नीट सांगता आले नाही. दोन-तीन ओळींच्या बदलात पाहायचे तरी काय असते? शिवाय माझ्याकडे एकच मशीन आहे. त्यावर हे कसे जमवावे?

उत्तर : पॅच लावल्यावर चाचणी पास झाली, ही माहिती कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, पॅचबाबत थोडाफार पुरावा ठरू शकते, चाचणीच्या पॅचबाबत तिला फारसे मोल नाही. नापास होणारी चाचणी पास करवण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे तिचे डोळे बांधणे, आणि ते काम एका ओळीत होते. तेव्हा तुम्ही स्वतःला विचारायचा प्रश्न असा : ज्या दोषासाठी ही चाचणी लिहिली गेली तो दोष कर्नलमध्ये पुन्हा घातला, तर या दुरुस्तीनंतरही ती नापास होते का? पुढे जे लिहितो आहे ते सगळे या प्रश्नाचे उत्तर कमी वेळात कसे मिळवावे याबद्दल आहे.

आधी चाचणी निकाल कसा ठरवते ते थोडक्यात सांगतो, कारण बऱ्याच चुकीच्या मंजुऱ्या इथल्या अर्धवट समजुतीतून येतात. हा संच मुळात सिलिकॉन ग्राफिक्सच्या एक्सएफएस या फाइलसिस्टमसाठी तयार झाला आणि म्हणून अनेक जण त्याला अजूनही एक्सएफएसटेस्ट्स म्हणतात. आज ईएक्सटी4, बीटीआरएफएस, एफ2एफएस, ओव्हरलेएफएस, एनएफएस या सगळ्यांसाठी तोच वापरला जातो. प्रत्येक चाचणी ही एक बॅश स्क्रिप्ट असते आणि तिच्याशेजारी अपेक्षित आउटपुटची एक फाइल असते. स्क्रिप्टने छापलेला मजकूर त्या फाइलशी अक्षरशः जुळला नाही, तर चाचणी नापास. याखेरीज आणखी तीन ठिकाणी निकाल ठरतो. स्क्रिप्टचा एक्झिट कोड (यश-अपयश सांगणारा आकडा) पाहिला जातो. चाचणी संपल्यावर वापरलेल्या डिस्कवर एफएससीके (फाइलसिस्टम मोडलेली नाही ना हे पाहणारी कमांड) किंवा त्या-त्या फाइलसिस्टमचे तपासणीचे साधन चालवले जाते. आणि कर्नलच्या लॉगमध्ये इशारा किंवा कोसळल्याची खूण उमटली आहे का हे शोधले जाते. म्हणजे एका चाचणीला चार साक्षीदार असतात. दुरुस्ती वाचताना यांपैकी कोणाचे तोंड बंद होत नाही ना, हे आधी पाहावे.

तोंड बंद करणारे बदल किती किरकोळ दिसतात याचे एक उदाहरण. चाचणीच्या सुरुवातीला ‘रिक्वायर स्क्रॅच’ अशी ओळ असते. तिचा अर्थ, मला पुसून वापरण्याजोगी एक डिस्क हवी. त्याच फंक्शनचे ‘नोचेक’ हे शेपूट जोडलेले दुसरे रूप आहे, आणि ते वापरले की चाचणीनंतर त्या डिस्कवर एफएससीके होतच नाही. ज्या चाचण्या मुद्दाम फाइलसिस्टम मोडून ठेवतात त्यांच्यासाठी हे योग्यच आहे. पण ‘चाचणीनंतर एफएससीके तक्रार करते, म्हणून नोचेक केले’ असा एका शब्दाचा पॅच आला, तर तो शब्द कदाचित एका खऱ्या दोषावर पांघरूण घालतो आहे. कर्नल-लॉगची तपासणी बंद करणारे फंक्शनही असेच. अशा पॅचला मी लगेच नकार देत नाही. मात्र ‘एफएससीके नेमकी कोणती तक्रार करते आणि ती अपेक्षित का आहे’ हे कमिट संदेशात, म्हणजे बदलासोबतच्या टिपणीत, लिहून आल्याशिवाय पुढेही सरकत नाही.

आता एक पॅच जवळून पाहू. समजा चाचणी अशी आहे : एक मेगाबाइटची फाइल लिहायची, सिंक करायची (डिस्कवर उतरवायची), 4096 या ऑफसेटपासून, म्हणजे फाइलीच्या सुरुवातीपासून तितके बाइट सोडून, 4096 बाइटचे भोक पाडायचे (तेवढी जागा मोकळी करायची), डिस्क अनमाउंट करून पुन्हा माउंट करायची (सोडून पुन्हा जोडायची), आणि भोक जागेवर आहे का, आजूबाजूचा डेटा शाबूत आहे का, हे तपासायचे. 4 केबी ब्लॉकवर (ब्लॉक म्हणजे फाइलसिस्टम जागा वाटते ते एकक) ही वर्षानुवर्षे पास होत आली. मग कोणी ती 64 केबी ब्लॉकवर चालवली आणि ती पडली. पूर्वी असा ब्लॉक 64 केबी पेज (कर्नल मेमरी हाताळतो ते एकक) असलेल्या पॉवर किंवा आर्म प्रोसेसरच्या मशीनवरच माउंट करता येत असे. 2024 मध्ये आलेल्या 6.12 कर्नलपासून एक्सएफएसला पेजपेक्षा मोठा ब्लॉक चालतो, त्यामुळे आपल्या टेबलावरच्या साध्या मशीनवरही अशा चाचण्या पडू लागल्या आणि या जातीचे पॅच वाढले. कारण सरळ आहे : भोक पाडताना पूर्ण ब्लॉक मोकळे होतात, अपूर्ण ब्लॉकमध्ये फक्त शून्ये लिहिली जातात. 64 केबीच्या ब्लॉकमधले 4 केबी म्हणजे अपूर्ण ब्लॉक, म्हणून भोक दिसत नाही. इथे कर्नल बरोबर आहे आणि चाचणीचे गृहीतक चुकीचे.

पॅच करणाऱ्याने तीन बदल केले. 4096 च्या जागी फाइलसिस्टमकडून विचारून घेतलेला ब्लॉकचा आकार घातला; त्यामुळे आउटपुटमधले ‘इतक्यापैकी इतके बाइट अमुक ऑफसेटवर लिहिले’ हे आकडे बदलू लागले म्हणून लेखनाच्या कमांडचे संपूर्ण आउटपुट लॉगफाइलकडे वळवले; आणि अपेक्षित आउटपुटमधून त्या ओळी काढल्या. चाचणी 4 केबीवर पास, 64 केबीवर पास. तीनही बदल वाचायला स्वच्छ. तरीही माझे तीन प्रश्न उरतात.

पहिला प्रश्न आकड्याचा. 4096 हा आकडा मूळ लेखकाने ‘एक ब्लॉक’ या अर्थाने लिहिला होता, की ‘एक पेज’ या अर्थाने, की मुद्दाम ब्लॉकच्या सीमेशी न जुळणारा असा? हे तीन अर्थ 4 केबी ब्लॉक आणि 4 केबी पेज असलेल्या मशीनवर एकमेकांत मिसळून जातात आणि इतरत्र फुटून वेगळे होतात. 1 केबी ब्लॉकच्या ईएक्सटी4 वर जुनी चाचणी एका पेजइतके, म्हणजे चार ब्लॉकांचे भोक पाडत होती. नवी चाचणी एका पेजच्या पोटात एकाच ब्लॉकचे भोक पाडते. हा वेगळा कोडमार्ग आहे. जुना दोष जर पूर्ण पेज पेज-कॅशमधून, म्हणजे फाइलींच्या मेमरीतल्या प्रतींमधून, काढून टाकण्याच्या मार्गात होता, तर 1 केबीवर ही चाचणी आता त्याच्या वाटेलाही जात नाही. याचे उत्तर चाचणीच्या वरच्या टिपणीत किंवा तिच्या मूळ कमिट संदेशात बहुधा सापडते, आणि म्हणून तीन ओळींचा पॅच तपासताना निम्मा वेळ जुना इतिहास वाचण्यात जावा असे माझे मत आहे. अर्थ ‘ब्लॉक’ असेल तर पॅच बरोबर. अर्थ ‘पेज’ असेल तर पेज आणि ब्लॉक यांतला मोठा आकार घ्यायला हवा. मुद्दाम अपूर्ण ठेवलेला असेल, तर 64 केबीवर भोकाची अपेक्षाच सोडून केवळ शून्यांची अपेक्षा ठेवावी, अन्यथा चाचणीचा प्राणच जातो.

दुसरा प्रश्न वळवलेल्या आउटपुटचा. या संचात ‘एक्सएफएस आयओ’ या साधनाच्या आउटपुटसाठी तयार फिल्टर आहे. तो वेग आणि वेळ यांची बदलती ओळ झाकतो, पण किती बाइट लिहिले गेले ती ओळ तशीच ठेवतो. ती ओळ ठेवण्यामागे हेतू आहे, कारण मागितले त्यापेक्षा कमी बाइट लिहिले गेले तर ती ओळ बदलते आणि चाचणी पडते. सगळेच आउटपुट लॉगफाइलमध्ये गेले की हा पहारा उठतो. आकडे ब्लॉकप्रमाणे बदलतात ही पॅचकर्त्याची अडचण खरी आहे, पण त्यासाठी आकडे ब्लॉकच्या पटीत छापणारे फिल्टर संचात आधीच आहेत. नवा फिल्टर लिहिण्याआधी सामाईक फाइली चाळून पाहण्याची विनंती मी नेहमी करतो. वळवणे अटळच असेल, तर निदान स्टँडर्ड एरर (एररचे संदेश जाणारी वेगळी वाट) मोकळी सोडावी. जागा संपली, आयओ एरर आली, तर तो संदेश थेट आउटपुटमध्ये यावा आणि जुळणी मोडावी. इथे ‘2>&1’ ही चार अक्षरे निर्णायक असतात : ती जोडली की एरर लॉगफाइलमध्ये गडप होते, आणि चाचणी ज्या लेखनावर उभी आहे ते लेखन झालेच नाही तरी कोणी ओरडत नाही.

तिसरा प्रश्न म्हणजे मघाचा मूळ प्रश्न : दोष परत घातला तर? अलीकडच्या चाचण्यांत, दोष कोणत्या कर्नल कमिटने दुरुस्त झाला हे सांगणारी एक ओळ सुरुवातीलाच असते. त्या कमिटचा उलटा पॅच कर्नलवर लावावा, कर्नल बांधावा आणि दुरुस्त केलेली चाचणी त्यावर चालवावी. ती पडली पाहिजे, आणि त्याच कारणाने पडली पाहिजे. म्हणजे जुन्या चाचणीत जो फरक दिसत होता तोच नव्यातही दिसला पाहिजे. केवळ ‘नापास’ हा शब्द पाहून समाधान मानू नये, कारण अर्धवट दुरुस्त केलेली स्क्रिप्ट टायपिंगच्या चुकीनेही पडते. दहा वर्षांपूर्वीचा कमिट आजच्या कर्नलवर सरळ उलटत नाही, आसपासचा कोड पार बदललेला असतो. अशा वेळी दुरुस्तीचा गाभा असलेली एखादी अट हाताने काढून टाकावी. तेही जमत नसेल, तर चाचणीच्या ज्या पायरीवर डेटा तपासला जातो तिथे तात्पुरता एक बाइट मुद्दाम बिघडवून पाहावे. हा पुरावा दुय्यम आहे, कारण त्यातून तुलना जागी आहे एवढेच कळते, दोषाचा मार्ग चालला की नाही हे कळत नाही. पण पाच मिनिटांत होतो आणि निम्म्याहून अधिक आंधळ्या चाचण्या याच पायरीवर सापडतात, असा माझा अनुभव आहे.

बॅशच्या खोड्यांबद्दल वेगळे लिहावे लागेल, कारण हे पॅच लिहिणारे बहुतेक जण सी भाषेतले असतात आणि शेलकडे दुर्लक्ष करतात. 2022 मध्ये ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या कमांडची 3.8 आवृत्ती आली आणि ‘ईग्रेप’ ही जुनी कमांड चालवली की ती कालबाह्य असल्याचा इशारा छापू लागली. आउटपुट अक्षरशः जुळवणाऱ्या संचात असा इशारा म्हणजे नापासांचा पाऊस. दुरुस्ती सरळ होती : ‘ईग्रेप’ काढून ‘ग्रेप’ला मोठ्या ‘ई’चा पर्याय द्यायचा. पण कोणी घाईत ‘ईग्रेप’चा नुसताच ‘ग्रेप’ केला, तर पॅटर्नमधली उभी रेघ ‘किंवा’ राहत नाही, ती साधी रेघ होते. ‘हा शब्द किंवा तो शब्द’ शोधणारी ओळ मग काहीच शोधत नाही. त्या ओळीचे काम लॉगमधल्या एरर मोजण्याचे असेल, तर मोजणी कायम शून्य येते आणि चाचणी कायम पास होते. पॅच एका अक्षराचा, वाचताना नजर सहज घसरते. म्हणून फिल्टरमध्ये बदल असला की मी तो वाचून सोडत नाही. जुन्या आणि नव्या फिल्टरमधून एकच नमुना मजकूर जाऊ देतो आणि दोन्ही निकाल शेजारी ठेवतो. त्या नमुन्यात एक तरी ओळ अशी असावी जी फिल्टरने गिळता कामा नये.

शेलमधली दुसरी नेहमीची जागा म्हणजे एक्झिट कोड. फंक्शनमध्ये ‘लोकल’ने व्हेरिएबल जाहीर करताना त्याच ओळीत कमांडचा निकाल भरला, तर नंतरचा ‘$?’ (शेवटच्या कमांडचा एक्झिट कोड) हा ‘लोकल’चा असतो, कमांडचा नाही, आणि तो बहुतेक वेळा 0 असतो. पाइपच्या शेवटी फिल्टर असेल तर कोड त्या फिल्टरचा येतो. लॉगफाइलकडे वळवताना ‘>>’ ऐवजी ‘>’ पडले तर आधीचा लॉग पुसला जातो. चाचणी पास होत राहते, पण ज्या दिवशी ती पडेल त्या दिवशी कारण शोधायला काही उरलेले नसते. ‘2>&1’ हे फाइलच्या आधी लिहिले की एरर फाइलमध्ये जातच नाही. हे सगळे शेलचेकसारखे, स्क्रिप्टमधल्या चुका शोधणारे साधन काही प्रमाणात दाखवते. याउलट नवोदित मंडळी प्रत्येक कमांडपुढे ‘अयशस्वी झाल्यास थांबा’ असे जोडत सुटतात, ते अनावश्यक आहे. चुकीचा मजकूर छापला गेला की चाचणी आपोआप पडतेच, आणि मध्येच थांबल्याने पुढचा उपयोगी तपशील हातून जातो.

याला एक अपवाद, आणि तो महत्त्वाचा : फॉरमॅट करण्याची पायरी. तिचे आउटपुट बहुधा लॉगफाइलमध्ये जाते. फॉरमॅट अयशस्वी झाले आणि ते कोणी पाहिले नाही, तर पुढची माउंटची ओळ डिस्कवर आधीच्या चाचणीने सोडलेली जुनी फाइलसिस्टम निमूट माउंट करते आणि चाचणी भलत्याच रचनेवर चालून पास होते. याहून सूक्ष्म प्रकार असा की, चाचणीने मागितलेले पर्याय आणि चालवणाऱ्याने कॉन्फिगरेशनमध्ये दिलेले पर्याय एकमेकांशी भांडले, तर फॉरमॅटचे फंक्शन चालवणाऱ्याचे पर्याय बाजूला ठेवून केवळ चाचणीच्या पर्यायांवर पुन्हा प्रयत्न करते. तुम्हाला वाटते चाचणी 1 केबी ब्लॉकवर पास झाली. प्रत्यक्षात ती 4 केबीवर चाललेली असते. म्हणून ‘सर्व ब्लॉक आकारांवर तपासले’ असे कोणी लिहिले की मी त्याच्या लॉगफाइलमधली फॉरमॅटची ओळ मागतो. जाता जाता : 2022 पासून एक्सएफएसचे फॉरमॅट साधन 300 एमबीपेक्षा लहान फाइलसिस्टम करायला नकार देते, पण या संचाच्या ठरावीक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल दिसल्या की ते आडकाठी करत नाही. त्यामुळे चाचणीतली तीच कमांड तुम्ही हाताने चालवाल आणि ती नाकारली जाईल. पॅच चुकीचा आहे असा निष्कर्ष लगेच काढू नका.

वेळेशी संबंधित दुरुस्त्यांबाबत मी सर्वांत कडक आहे. ‘कधी कधी पडते, म्हणून एक सेकंदाची झोप पाच सेकंदांची केली’ हा पॅच नाकारावा. पाच सेकंद पुरेसे का, याला उत्तर नसते. संथ व्हर्च्युअल मशीनवर ती पुन्हा पडणार आणि कोणीतरी दहा करणार. चाचणी कशाची वाट पाहते आहे ते शोधून नेमकी त्याचीच वाट पाहावी : पार्श्वभूमीतली प्रोसेस संपण्याची, डिव्हाइसची नोड तयार होण्याची, किंवा विशिष्ट आकडा दिसण्याची, आणि तीही मर्यादा घालून. 5.15 कर्नलपासून, म्हणजे 2021 पासून, एक्सएफएस काढून टाकलेल्या फाइलींच्या इनोडची (फाइलीची माहिती ठेवणाऱ्या नोंदींची) आवराआवर पार्श्वभूमीत करते. ‘फाइल काढली की सगळे तत्क्षणी मोकळे’ हे जुने गृहीतक तिथे मोडले आणि काही चाचण्या अधूनमधून पडू लागल्या. यावर अनमाउंट करून पुन्हा माउंट करणे हा सोपा तोडगा असतो आणि पुष्कळदा तो बरोबरही असतो. मात्र पुन्हा माउंट केल्याने मेमरीतली सगळी स्थिती, कॅश केलेली पेजेस आणि इनोड, धुऊन निघते. चाचणी नेमकी मेमरीतल्या शिळ्या स्थितीचा दोष पकडण्यासाठी असेल, तर तोडगा दोषालाच धुऊन टाकतो. तेव्हा माउंटची ही जोडी नेमकी कोणत्या दोन पायऱ्यांच्या मध्ये घातली आहे ते पाहावे. तपासणीच्या आधी घातली असेल तर शंका घ्यावी, तयारीच्या टप्प्यात असेल तर बहुधा हरकत नाही.

अधूनमधून पडणाऱ्या चाचणीच्या दुरुस्तीला एकदाच चालवलेला निकाल पुरत नाही, हे सांगायला नको. मुख्य स्क्रिप्टला पुनरावृत्तीचा पर्याय आहे. आधी दुरुस्तीविना ती किती धावांत एकदा पडते ते मोजावे आणि त्याच्या कितीतरी पट धावा दुरुस्तीसह कराव्यात. आपल्याकडे गणेश चवथीच्या सुट्या यासाठी उत्तम. मशीन चालू ठेवून घरी जावे आणि परतल्यावर आकडे पाहावेत.

‘चालवली नाही’ हा निकाल पासही नसतो आणि नापासही नसतो, आणि म्हणूनच त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. चाचणीच्या सुरुवातीला अटी असतात : अमुक सोय कर्नलमध्ये असावी, अमुक साधन बसवलेले असावे. दुरुस्ती म्हणून जास्तीची अट घातली जाते तेव्हा ती गरजेपेक्षा रुंद नाही ना, हे पाहा. एखाद्या फाइलसिस्टमला एक सोय नाही म्हणून तिचे नाव घेऊन तिला वगळण्यापेक्षा ती सोय आहे का हे विचारणारी अट केव्हाही चांगली; उद्या त्या फाइलसिस्टममध्ये सोय आली की चाचणी आपोआप जागी होते. पॅच लावण्याआधी आणि नंतर, वगळलेल्या चाचण्यांची यादी प्रत्येक कॉन्फिगरेशनवर काढून ताडून पाहणे हे दोन मिनिटांचे काम आहे आणि ते कोणी करत नाही.

आवराआवरीच्या फंक्शनमधल्या बदलांचा त्रास त्या चाचणीला होतच नाही, पुढच्या चाचणीला होतो. पार्श्वभूमीत सोडलेली प्रोसेस मारली पण ती खरोखर संपेपर्यंत थांबले नाही, तर अनमाउंट ‘डिव्हाइस व्यग्र’ म्हणून नाकारले जाते. वीज गेल्याचा आभास निर्माण करणारा डिव्हाइस मॅपरचा फ्लेकी थर काढायचा राहिला, तर त्यानंतरच्या साऱ्या चाचण्या डिस्क अडकल्यामुळे कोसळतात आणि दोष भलत्याच्या माथी येतो. म्हणून असा पॅच एकट्या चाचणीवर न तपासता तिच्यामागे दुसरी साधी चाचणी लावून तपासावा, आणि चाचणी मध्येच तोडली तरी आवराआवर नीट होते का हेही पाहावे. चाचणी स्वतःचे आवराआवरीचे फंक्शन लिहिते तेव्हा मूळ फंक्शन रद्द होते; त्यातले तात्पुरत्या फाइली काढण्याचे काम नव्यात पुन्हा लिहिलेले असायला हवे.

कमिट संदेशाबाबत थोडक्यात. कोणत्या कर्नलवर, कोणत्या फाइलसिस्टमवर, किती ब्लॉक आणि किती पेजवर चाचणी पडली, अपेक्षित आणि प्रत्यक्ष आउटपुटमधला फरक काय होता, आणि दोष चाचणीचा आहे असे कशावरून ठरवले, एवढे त्यात असावे. शेवटचा मुद्दा बहुतेक वेळा गाळलेला असतो आणि तोच मुख्य आहे. फरकाच्या ओळी जशाच्या तशा चिकटवल्या तर पुढे तीच तक्रार शोधणाऱ्याला त्या सापडतात. दुरुस्तीच्या पॅचमध्ये मोकळ्या जागांची साफसफाई मिसळलेली असेल, तर वेगळी करायला सांगावे.

होकार देताना कोणती खूण द्यायची यालाही अर्थ आहे. ‘टेस्टेड-बाय’ म्हणजे मी हे माझ्या मशीनवर चालवले. ‘रिव्ह्यूड-बाय’ म्हणजे मी तांत्रिक तपासणी केली, शंका मांडल्या, त्यांचे निरसन झाले आणि माझ्या माहितीप्रमाणे हा बदल घेण्याजोगा आहे. कर्नलच्या दस्तऐवजांत तपासणाऱ्याचे हे निवेदन स्पष्ट शब्दांत दिलेले आहे. ‘अ‍ॅक्ड-बाय’ त्याहून सैल. तुम्ही आजवर जे करत होतात, म्हणजे चालवून पास झाले एवढे पाहणे, त्याला पहिली खूण शोभते, आणि तीही निरुपयोगी नाही. फक्त ती दुसरीच्या जागी देऊ नये. शंका लिहिताना ‘हे चुकीचे आहे’ असे लिहिण्यापेक्षा ‘1 केबी ब्लॉकवर हे भोक पेजच्या आत पडते, मूळ दोष त्यातून दिसतो का?’ असे लिहावे. पॅचकर्त्याला उत्तर द्यायला नेमकी जागा मिळते, आणि तुम्ही चुकीचे असाल तर तेही लगेच कळते.

आता तुमच्या एका मशीनबद्दल. एक व्हर्च्युअल मशीन, त्यात दोन आभासी डिस्क, एवढ्यावर हे सगळे भागते. एक डिस्क टिकून राहणारी, दुसरी प्रत्येक चाचणीत पुसली जाणारी. कॉन्फिगरेशनच्या फाइलमध्ये विभाग पाडता येतात : एक्सएफएस नेहमीच्या मांडणीत, ईएक्सटी4 4 केबीवर, ईएक्सटी4 1 केबीवर, बीटीआरएफएस, या क्रमाने. पॅच सामाईक फाइलीत असेल तर चारही, एकाच फाइलसिस्टमच्या चाचणीत असेल तर तेवढाच विभाग. पुसल्या जाणाऱ्या डिस्कच्या जागी चुकूनही लॅपटॉपचे खरे पार्टिशन लिहू नका. संच विचारणा न करता ते फॉरमॅट करतो. वेग मिळावा म्हणून आभासी डिस्कचा कॅश ‘अनसेफ’ ठेवला तरी वीज जाण्याच्या चाचण्यांना बाधा येत नाही, कारण तो आभास पाहुण्या, म्हणजे व्हर्च्युअल मशीनमधल्या, कर्नलच्या आत घडतो. पण पावसाळ्यात आपल्याकडे वीज खरोखर जाते, आणि तुमचे यजमान मशीनच बंद पडले, तर त्या धावेचा निकाल टाकून द्या आणि दोन्ही डिस्क नव्याने बनवा. त्यानंतर दिसलेल्या एफएससीकेच्या तक्रारींवर विचार करण्यात वेळ घालवू नका. मोठ्या पेजसाठी रास्पबेरी पाय 5 हा छोटा संगणक स्वस्त मार्ग आहे, त्याचा नेहमीचा कर्नल 16 केबी पेजवर चालतो. तो संथ आहे, म्हणून त्यावर संपूर्ण संच चालवण्याच्या भानगडीत पडू नका. ऑफसेट, लांबी किंवा ब्लॉकचे आकडे बदलणारे पॅच तेवढे त्यावर चालवा.